खो-खो ऑलिंपिकमध्ये का नाही, असं विचारणाऱ्या मुलीसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१५ जानेवारीला खाशाबा जाधवांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. तो दिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. त्यानिमित्त कराड तालुक्यातल्या एका शाळेनं मला बोलायला बोलावलं होतं. मी ३२ वर्षं क्रीडाशिक्षिका होते, निवृत्त होऊन आता नऊ वर्षं झाली. खाशाबांचं गाव गोळेश्वर तिथून जवळच, त्यामुळे त्यांची गोष्ट पोरांना पाठ. हेलसिंकीचं ऑलिंपिक, १९५२, कुस्तीतलं ब्राँझ, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून उभे केलेले ७,००० रुपये, कराड स्टेशनापासून निघालेली बैलगाड्यांची मिरवणूक. मी वाक्य सुरू करायचे आणि पोरं ते पुरं करायची. शेवटी म्हटलं, काही विचारायचं असेल तर विचारा. सातवीतली एक मुलगी उठली. गुडघ्यावर ताजी खपली होती, म्हणजे सूर मारणारी असणार. म्हणाली, "मॅडम, आमचा खो-खो ऑलिंपिकमध्ये का नाही?"

मी सांगितलं की अजून फार देशांत तो खेळत नाहीत. ती "बरं" म्हणून खाली बसली. उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं आणि घरी आल्यावर ते मला टोचत राहिलं. कारण तोच प्रश्न मी तिच्याच वयाची असताना विचारला होता आणि मलाही असंच अर्ध्यावर खाली बसवलं होतं.

माझं माहेर माण तालुक्यातलं. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मुली हंडे घेऊन मैल-मैल चालायचो. पायात ताकद आली ती तिथं. पुढच्या वर्षी शाळाशाळांच्या स्पर्धा झाल्या. पोरांना १५०० मीटर होती. पोरींचं सगळं २०० मीटरवर संपायचं. मी गुरुजींना म्हटलं, मला मोठी शर्यत पळायची आहे. गुरुजी मायेचे होते, रागावले नाहीत. म्हणाले, "बाळ, मुलींच्या यादीत ती शर्यत नाही." यादी कुणी केली, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ती यादी कुठून निघाली हे मला पुढं नोकरीत आल्यावर, वाचता वाचता कळलं. ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण त्यात वर्तमानपत्रांचा हात आहे.

ऑलिंपिकचा इतिहास आपण इसवीसनपूर्व ७७६ पासून सांगतो. मग ऑलिंपिक नव्यानं सुरू करणारे कुबर्टिन, १८९४ ची पॅरिसची सभा, १८९६ चं अथेन्स. मीही तसाच शिकवला. पण त्या अथेन्समध्ये १४ देशांचे २४१ खेळाडू होते आणि त्यात एकही बाई नव्हती, हे वाक्य मी नुसतं वाचून पुढं जायचे. १९०० ला पॅरिसमध्ये हजाराच्या आसपास खेळाडूंत २२ बायका आल्या, त्या टेनिस, गोल्फ असल्या खेळांत. धावायला मिळायला १९२८ साल उजाडलं आणि तेही सुखासुखी नाही. अ‍ॅलिस मिलियाट नावाची एक फ्रेंच बाई, स्वतः वल्हं मारणारी, बायकांना मैदानात घ्या म्हणून मागे लागली होती. दाद मिळेना, तेव्हा तिनं १९२२ मध्ये पॅरिसला बायकांच्या वेगळ्या जागतिक स्पर्धाच भरवल्या. त्या १९३४ पर्यंत चार वेळा झाल्या. लोक बघायला आले, विक्रम नोंदले गेले, तेव्हा कुठं अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांच्या पदरात मैदानी खेळांचे पाच प्रकार पडले.

त्यातली सगळ्यांत लांब शर्यत ८०० मीटर. जर्मनीची लीना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांत जिंकली. रेषा ओलांडल्यावर कुणी धापा टाकत आडवी झाली असेल, पुरुषही होतात. वर्तमानपत्रांनी छापलं की बायका कोसळल्या, कित्येकींना शर्यत पुरीच करता आली नाही, ही शर्यत बाईच्या शरीराला घातक आहे. खरं म्हणजे अंतिम फेरीतल्या नऊच्या नऊ जणींनी ती पुरी केली होती. पण शर्यत यादीतून गेली ती गेलीच. परत आली १९६० ला, रोममध्ये. संपादक महोदय, ३२ वर्षं. माझी सगळी नोकरी जेवढी, तेवढी.

आणि बायकांची १५०० मीटर ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा झाली १९७२ ला, म्युनिकमध्ये. म्हणजे मी गुरुजींपुढं उभी होते त्याच्या आदल्याच वर्षी. म्युनिकहून माणपर्यंत यायला तिला पुढं बरीच वर्षं लागली. तोवर माझं लग्न झालं होतं.

म्हणून २०१६ ला माणच्याच मोही गावची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत उभी राहिली, तेव्हा मी टीव्हीपुढं बसून रडले. ती दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. लोक तिच्या कष्टांबद्दल बोलले आणि ते खरंच होतं. पण पुरुषांची स्टीपलचेस १९०० पासून आहे आणि बायकांची २००८ ला बीजिंगमध्ये सुरू झाली, हे कुणी बोललं नाही. ललिता दहा-बारा वर्षं आधी जन्मली असती, तर तेच पाय आणि तेच कष्ट घेऊन ती यादीच्या बाहेर उभी राहिली असती. उषाचंही तेच. बायकांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये आली तीच मुळी १९८४ ला, आणि पहिल्याच वेळी तिचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं.

ज्यांना यादीत घेतलं नाही त्यांनी आपला आखाडा वेगळा खणला आणि मग मोठ्या आखाड्यानं त्यांना आत घेतलं, असं मला या सगळ्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं. २९ जुलै १९४८ चा दिवस घ्या. लंडनमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन होतं. आपले खाशाबा त्याच ऑलिंपिकला गेले होते आणि सहावे आले. त्याच दिवशी इंग्लंडमधल्याच स्टोक मँडेविलच्या रुग्णालयाच्या आवारात डॉ. लुडविग गुटमन यांनी युद्धात जायबंदी झालेल्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली, सगळे चाकाच्या खुर्चीत. त्यातून पुढं पॅरालिंपिक उभं राहिलं आणि १९७२ ला हायडेलबर्गमध्ये आपल्या वाळवा तालुक्यातले मुरलीकांत पेटकर ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्ण घेऊन आले. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घुसलेला, आधी मुष्टियोद्धा असलेला हा जवान. भारताचं पॅरालिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ ला. २०२४ ला पॅरिसमध्ये आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं, त्याची बातमी मात्र त्याच दिवशी घरोघर पोचली. एवढा फरक पडला, हे मान्य करते.

आता जे लिहिणार आहे ते मला सगळ्यांत जास्त लागतं.

पहिल्या आशियाई स्पर्धा आपण भरवल्या. ४ ते ११ मार्च १९५१, दिल्ली, ११ देश, ४८९ खेळाडू. क्रीडा संघटक गुरुदत्त सोंधींचा पुढाकार होता. नव्यानं स्वतंत्र झालेल्या आशियानं युरोपच्या तोंडाकडं न बघता आपला मेळा भरवावा, ही मोठीच गोष्ट. मैदान आपलं, निमंत्रण आपलं, यादी आपली. यादीत काय होतं? मैदानी खेळ, पोहणं, फुटबॉल, बास्केटबॉल, सायकलिंग, वेटलिफ्टिंग. कुस्ती नव्हती. पुढच्याच वर्षी जो गडी हेलसिंकीत ५७ किलो गटात स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक मिळवणार होता, तो तेव्हा २५ वर्षांचा होता आणि त्याला स्वतःच्या देशातल्या स्पर्धेत उतरायला जागाच नव्हती. १९२० ला अँटवर्पला भारताचा पहिला चमू गेला, तो दोराबजी टाटांच्या खटपटीनं. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी पळणारे शेतकरी बघून त्यांना ते सुचलं होतं. चार धावपटू आणि दोन मल्ल गेले होते. म्हणजे परक्या राज्यातही कुस्ती होती आणि स्वराज्यातल्या पहिल्या यादीत ती राहिली.

आशियाई स्पर्धांत कुस्ती आली १९५४ ला, मनिलात. १९६२ च्या जकार्तात कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य घेतलं. शिराळ्याकडच्या पुनवतच्या गणपतराव आंदळकरांचं बरोबर उलटं, ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. माझे सासरे कुंडलचं मैदान कधी चुकवायचे नाहीत. ते सांगायचे, ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायचा नाही, पायाचा डाव नाही, म्हणजे आपल्या लाल मातीतल्या पैलवानाचा अर्धा भाता घरीच ठेवायचा. तरी ही दोघं जिंकून आली. त्याच जकार्तात इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही. सोंधींनी हरकत घेतली, तर तिथल्या आपल्या वकिलातीवर जमाव चालून गेला. म्हणजे यादीतून खेळच वगळले जातात असं नाही, देशही वगळले जातात.

मुलींच्या कुस्तीचं मी स्वतः बघितलंय. १९९८ च्या सुमाराला माझ्या वर्गात एक पोर होती. बाप पैलवान, दोन भाऊ तालमीत. ही घरामागच्या मातीत भावांशी लढायची आणि ढाकेवर त्यांना उचलून टाकायची. मी तिला घेऊन एका स्पर्धेला गेले. प्रवेशिकेचा कागद भरला, वजनही करून घेतलं. टेबलापलीकडचे गृहस्थ म्हणाले, "बाई, मुलींचा गट नाही." मी भांडले. उपयोग झाला नाही. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि मला तिच्याशी काय बोलावं ते सुचेना. दोन वर्षांत तिचं लग्न झालं. मुलींची कुस्ती आशियाई स्पर्धांत आली २००२ ला, ऑलिंपिकमध्ये २००४ ला, राष्ट्रकुलमध्ये २०१० ला. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ ची, महिलांची पहिली झाली मार्च २०२३ मध्ये, आपल्या सांगलीत, आणि जिंकली सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं. मी गेले होते. संध्याकाळी त्या माझ्या विद्यार्थिनीचा फोन आला, "बाई, बघितलंत का?" एवढंच बोलली.

कुस्ती आता पक्की झाली असं कुणी समजू नये. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानं ती २०२० पासून काढून टाकायचं ठरवलं होतं. जो खेळ इसवीसनपूर्व ७०८ पासून ऑलिंपिकमध्ये होता, तो. तेव्हा इराण, अमेरिका आणि रशियाचे मल्ल एकमेकांची राजकीय भांडणं बाजूला ठेवून न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनात मॅट अंथरून लढले, जगाला दाखवायला. जागतिक संघटनेनं अध्यक्ष बदलला, गुणांचे नियम सोपे केले, मुलींचे वजनगट चारावरून सहा केले. सप्टेंबरमध्ये ४९ मतं पडली आणि कुस्ती वाचली. त्या सात महिन्यांत आमच्या भागातल्या किती तालमींत ही गोष्ट बोलली गेली? मी विचारलं होतं. बहुतेक वस्तादांना माहीतच नव्हती.

आणि खेळ राहिला तरी गट राहतोच असं नाही. खाशाबांच्या हेलसिंकीत फ्रीस्टाइलचे आठ वजनगट होते आणि ते ५२ किलोपासून सुरू व्हायचे. आज सहा आहेत, सगळ्यांत खालचा ५७. लंडनला खाशाबा ५२ किलोत लढले होते, तो दरवाजा आज बंद आहे. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य घेतलं, कोपर दुखावलेलं असताना, सुवर्ण एका किलोनं गेलं. वडील पानपट्टी चालवणारे, त्या घराचं केवढं कौतुक झालं. पण ५५ किलोचा तो गट ऑलिंपिकमध्ये नाहीच. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये १७ व्या वर्षी कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या, तिरंदाजीची जगज्जेती झाली. लोकांनी मला विचारलं, मग पॅरिसला ती का नव्हती? बाबांनो, कंपाउंड धनुष्य ऑलिंपिकमध्ये नव्हतंच. आता २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये येतंय, तेही फक्त मिश्र दुहेरीत. कारण न सांगता नुसतं "निवड झाली नाही" असं लोकांत पसरतं आणि त्या पोरीवर अन्याय होतो.

आता या वर्षाचं. ग्लासगोत जुलैमध्ये राष्ट्रकुल स्पर्धा आहेत. खर्च आवरण्यासाठी फक्त दहा खेळ ठेवले आहेत. कुस्ती, हॉकी, बॅडमिंटन, सगळं बाहेर. बर्मिंगहॅमला आपले १२ मल्ल गेले होते आणि बाराही पदकं घेऊन आले होते. ग्लासगोतली ही काटछाट जाहीर झाली तेव्हा वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या. पदकतालिका मात्र रोज अर्धं पान असते. तालिका हा शेवटचा हिशोब झाला. तो कसा लागणार ते यादी करतानाच बरंचसं ठरलेलं असतं, आणि ते ठरतं तेव्हा आपलं लक्ष नसतं.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत. मला या बातमीचा मनापासून आनंद झाला. यजमानाच्या शब्दाला वजन असतं. जपाननं १९६४ ला टोकियोत ज्यूदो आणला. लॉस एंजेलिसच्या मागणीवरून क्रिकेट १२८ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये परत येतंय, १९०० ला एकच सामना झाला होता. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत २०१० ला कुस्ती परत आली, आपण कुस्तीत दहा सुवर्णं जिंकली आणि ज्या सभागृहात त्या लढती झाल्या त्याला खाशाबांचं नाव आहे. २००६ च्या मेलबर्नमध्ये तर कुस्ती नव्हतीच. म्हणून माझी विनंती आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधींना, कुस्तीगीर संघांना आणि तालमींना आहे की अहमदाबादच्या यादीत कुस्तीचे पुरुषांचे आणि मुलींचे सगळे गट असावेत, हे आत्ता मागा. १९५१ ला दिल्लीत जे झालं ते पुन्हा आपल्याच हातून होऊ नये.

खो-खोबद्दल त्या मुलीला मी आता असं सांगेन. कबड्डी १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मुलांनी नुसती करून दाखवली होती. १९८२ ला दिल्लीत पुन्हा दाखवण्यापुरतीच. पदकाचा खेळ म्हणून ती आशियाई स्पर्धांत आली १९९० ला, बीजिंगमध्ये, आणि मुलींची २०१० ला. तुझा खो-खो २०१६ ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धांत आला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत त्याचा पहिला विश्वचषक झाला, मुलांचा आणि मुलींचा दोन्ही आपण जिंकलो. पण आपण जिंकणं पुरेसं नाही. इतर देशांत पोरं खेळली पाहिजेत, त्यांच्या शिट्ट्या आपल्यासारख्या वाजल्या पाहिजेत, सगळीकडं नियम एक पाहिजेत. मिलियाटबाईंनी आणि गुटमन डॉक्टरांनी हेच केलं, आधी आपला मेळा भरवला आणि तो चालवून दाखवला. ऑलिंपिकमध्ये खो-खो तू खेळशील की तुझी मुलगी, ते मी सांगू शकत नाही. पण तो का नाही, याचं कारण तुझ्यात किंवा तुझ्या खेळात काही कमी आहे असं नाही.

तुम्हाला एकच मागणं आहे. अहमदाबादची यादी ठरत जाईल तशी छापा. कुठला खेळ आला, कुठला गेला, कुठला वजनगट कापला, मुलींचं काय झालं, हे खेळाच्या पानावर ठळक जागी असू द्या. एका आठवड्यानं मी पुन्हा त्या शाळेत जाणार आहे, मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलंय. व्हरांड्यात एक जुना फळा रिकामा आहे. कात्रणं तिथं लावू म्हणते.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
कराड, जि. सातारा